युरियाची गोणी फोडण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीतल्या कंपनीतली नोकरी सोडून, किंवा ती सांभाळून, गावाकडचं वावर हातात घेणारे दरवर्षी भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकरी युरिया किती टाकायचा?" निफाड तालुक्यातल्या आमच्या रानात पहिल्या हंगामात मीही हेच विचारत फिरलो होतो. उन्हाळ कांद्याला पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पातीवर दव असतानाच ओल्या वाफ्यात युरिया फेकला आणि पुढचं पाणी थेट नवव्या दिवशी दिलं. पात काही काळी होईना. घाबरून आणखी एक गोणी टाकली. पीक दोन महिने उलटून गेल्यावर आणखी अर्धी. एप्रिलमध्ये कांदा निघाला तो जाड मानेचा, आणि जुलैत कांदा साठवायच्या चाळीजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागला. त्या वर्षी माझ्या युरियाचा मोठा वाटा हवेत गेला. उरलेला पिकाला मिळाला, पण नको त्या वेळी.

म्हणून "किती" जरा बाजूला ठेवू. गोणी फोडण्याआधी एवढंच विचारा: टाकल्यावर पाणी कधी मिळणार आहे? माझ्या मते निम्मं नत्र (नायट्रोजन) या एका उत्तरावर वाचतं किंवा जातं.

नत्र जातं कुठे

युरियाची गोणी आता ४५ किलोची येते आणि त्यात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २०.७ किलो. आपल्याकडे टाकलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच त्या हंगामातल्या पिकाच्या हाती लागतं असं धरलं जातं. बाकीच्यातलं काही मातीत अडकून राहतं, बरंचसं निघून जातं.

सगळ्यात घाईची वाट हवेची. मातीत आणि पालापाचोळ्यात युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ओल मिळाली की ते दोन ते चार दिवसांत युरियाचं अमोनियात रूपांतर करतं. त्या वेळी दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप) तेवढ्यापुरता ९ च्या आसपास चढतो, आणि सामू जितका चढा तितका अमोनिया वायू होऊन उडायला मोकळा. निफाड, येवला, सिन्नरकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू मुळातच ७.५ ते ८.५ च्या घरात असतो. म्हणजे आपण आधीच उतारावर उभे. वाईट जुळणी झाली तर उघड्यावर पडलेल्या युरियातलं १० ते ४० टक्के नत्र असं उडून जाऊ शकतं. हाच अमोनिया दोन-तीन बोटं मातीखाली तयार झाला, तर चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात.

दुसरी वाट खालची. धरून ठेवलेल्या अमोनियाचं जिवाणू पुढच्या एक-दोन आठवड्यांत नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. जिकडे पाणी जाईल तिकडे ते जातं: मुळांखाली, मग मुरमात, मग विहिरीत.

तिसरी वाट साचलेल्या पाण्याची. खरिपात वाफ्यात दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. नत्र वायू होऊन निघून जातं. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड असतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट वातावरण तापवतो.

आणि चौथी, डोळ्यांना दिसणारी: लोंढ्याबरोबर बांध ओलांडून ओढ्याला. ओढा कादवेला, कादवा गोदावरीला, आणि दोन्ही नद्या मिळतात तिथे नांदूरमधमेश्वरचं पाणथळ आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. तिथल्या पाणवेलींना आपलं खत फुकटात पोचतं.

पहिली पायरी: हळदीची बरणी

हे वाचून पटत नसेल तर स्वतः बघा. खर्च शून्य. काचेच्या दोन झाकणवाल्या बरण्या घ्या. दोन्हींत आपल्याच वावरातली ओलसर माती अर्ध्यापर्यंत भरा. एका बरणीत चिमूटभर युरिया वर टाका. दुसरीत तेवढाच युरिया चार बोटं खोल पुरा. पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्यांना हळदीचं पाणी लावून वाळवा, किंचित ओल्या करून झाकणांना आतून चिकटवा आणि झाकणं घट्ट लावा. बरण्या सावलीत ठेवा.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. अमोनियाही चुन्यासारखाच अल्कधर्मी. दोन-चार दिवसांत वर युरिया टाकलेल्या बरणीतली पट्टी तांबूस होते. पुरलेल्या बरणीतली पिवळी राहते, किंवा उशिरा आणि फिकट बदलते. पहिल्या बरणीचं झाकण उघडून जपून वास घ्या. आमच्या आईने हा खेळ पाहिल्यापासून वावरात युरिया उघडा दिसला की तीच मजुरांना आधी रागावते.

दुसरी पायरी: मातीबरोबर विहिरीचं पाणीही तपासा

मातीचा नमुना खत टाकण्याआधी घ्यायचा. एकसारख्या रानात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की ती प्रयोगशाळेत द्यायची. जिल्ह्यात कृषी विभागाची सोय आहे, नाशिक आणि मालेगावची कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

अहवाल हातात आला की नवा माणूस आकड्यांच्या जंगलात हरवतो. नत्रापुरतं तीन ओळी पाहा. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत असेल तर तोही कमी. आणि सामू व चुनखडी. सामू ८ च्या वर असेल तर पुढची चौथी पायरी दोनदा वाचा. नत्र कमी असेल तर शिफारशीच्या मात्रेत २५ टक्के वाढ, जास्त असेल तर तेवढीच घट, असा ढोबळ नियम वापरतात.

आता जे फारसं कुणी करत नाही ते: विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट तपासा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याच्या वर गेलं तर लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, त्यामुळे घरात तान्हं बाळ असेल तर ही तपासणी आधी त्याच्यासाठी करा. शेतीच्या हिशेबात मात्र तेच नायट्रेट खत आहे. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये साधारण १० मिलिग्रॅम नत्र असतं. उन्हाळ कांद्याला पाच-पाच सेंटिमीटरची बारा पाणी दिली तर एकराला सुमारे २४ लाख लिटर पाणी झालं. त्यातून आलेलं नत्र २४ किलो. एका गोणीपेक्षा जास्त युरिया पाटाने वावरात आला आणि आपण तो हिशेबातच धरला नाही! सगळा पिकाला लागतो असं नाही, पण ज्याच्या विहिरीला हा आकडा आला त्याने निदान शेवटचा हप्ता तरी हात राखून द्यावा.

तिसरी पायरी: कागदावर बेरीज

कांद्याला आपल्याकडे रूढ शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश) आणि जोडीला गंधक. हेक्टर म्हणजे अडीच एकर, तेव्हा एकराला ४० किलो नत्र, २० स्फुरद, २० पालाश. नवा माणूस इथे एक चूक हमखास करतो. मिश्रखतातलं नत्र मोजतच नाही.

१०:२६:२६ ची ५० किलोची गोणी घेऊ. हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे टक्के. दीड गोणीत साडेसात किलो नत्र, साडेएकोणीस स्फुरद आणि तेवढंच पालाश. स्फुरद-पालाश जवळपास भागलं. नत्र राहिलं साडेबत्तीस किलो. त्याला युरिया लागतो ७१ किलो, म्हणजे दीड गोणीला थोडा वर. बस. एवढाच. आमच्या पट्ट्यात कांद्याला एकरी तीन-चार गोण्या सर्रास पडतात. कारण उघड आहे: गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते. औषधाची एक बाटली हजाराच्या पुढे, ती माणूस थेंब मोजून वापरतो.

लेबल वाचायची सवयही इथेच लावून घ्या. गंधक लेपित युरियात नत्र ३७ टक्के आणि गंधक १७ टक्के. गोणी ४० किलोची. कांद्याला गंधक हवंच असतं म्हणून ते चांगलं, पण हिशेब ४६ ने करू नका. नॅनो युरियाचंही तसंच. ४ टक्के नत्राच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत नत्र भरतं २० ग्रॅम. गोणीतलं २० किलोच्या वर. आता जास्त टक्केवारीच्या बाटल्याही आल्या आहेत, तरी गुणाकार स्वतः करा. फवारणीने पात तजेलदार दिसेल, पण तिच्या भरवशावर जमिनीतला हप्ता अख्खा गाळायला मी धजावणार नाही.

चौथी पायरी: आधी पाण्याची पाळी, मग गोणी

हीच खरी पायरी, म्हणून सावकाश.

रानातली थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) आपल्या सोयीने येत नाही. मजूर मिळतील त्या दिवशी मिळतात. या तिघांची गाठ पडते तो दिवस खताचा. ती पडत नसेल तर खत दोन दिवस पुढे गेलेलं चालतं. खत टाकून पाणी सहा दिवस पुढे गेलेलं चालत नाही.

लागवडीच्या वेळचा हप्ता सगळ्यात सोपा. शेवटच्या वखरणीआधी किंवा वाफे ओढण्याआधी टाका, म्हणजे तो मातीत मिसळतो. त्याच दिवशी लागवड आणि पाणी. यात उडायला जागाच राहत नाही.

अवघड आहे तो उभ्या पिकातला हप्ता. कांद्याची लागण दाट असते, त्यामुळे पुरायला जागा नाही. इथे मातीत न्यायचं काम पाण्यालाच करावं लागतं. क्रम असा ठेवा. आधी खुरपणी. तिने तण जातं आणि काळ्या रानातल्या भेगाही बुजतात. भेगाळलेल्या वाफ्यात युरिया टाकून पाणी सोडलं तर विरघळलेला युरिया भेगेतून सरळ हातभर खाली जातो, आणि कांद्याची बहुतेक मुळं तर वरच्या वीतभर मातीत. खुरपणीनंतर माती वरून कोरडी होऊ द्या. दव पूर्ण वाळल्यावर, साधारण दुपार कलल्यावर, युरिया सारखा फेका आणि त्याच दिवशी पाठोपाठ पाणी द्या. कोरड्या मातीवर दाणा काही तास शांत बसतो. ओलसर मातीवर तो लगेच विरघळतो आणि घड्याळ सुरू होतं.

पाणी हलकं हवं. युरियाचं रूपांतर होण्याआधी त्यावर कुठलाच भार नसतो, म्हणजे तोही नायट्रेटसारखाच पाण्याबरोबर वाहतो. एक-दीड सेंटिमीटर पाणी त्याला दोन-चार बोटं खाली न्यायला पुरतं. पाटपाण्यात एवढं मोजून देता येत नाही हे मला मान्य आहे. तरी बारं धरणाऱ्याला, म्हणजे वाफ्यात पाणी वळवणाऱ्याला, सांगून ठेवा की वाफ्याचा शेवटचा हात-दोन हात कोरडा असतानाच बारं मोडायचं, उरलेलं पाणी आपोआप पुढे सरकतं. तुषार संच असेल तर प्रश्नच मिटला, तेवढं पाणी होईपर्यंत चालवून बंद करा.

काही जण पाटात युरियाची गोणी बुडवून ठेवतात. कष्ट वाचतात खरे, पण गोणी पहिल्या काही वाफ्यांतच विरघळून संपते. तिथली पात काळीकुट्ट, शेवटच्या वाफ्यांना गाळून आलेलं पाणी.

मक्यासारख्या ओळीच्या पिकात काम सोपं आहे. ओळीपासून चार बोटांवर कुदळीने किंवा कोळप्याने चर घ्या, चार बोटं खोल. त्यात युरिया सोडा आणि माती लोटा. भर लावायच्या दिवशीच हे केलं तर वेगळी मजुरी पडत नाही. मातीत गेलेल्या युरियाला पाण्याची तेवढी घाईही राहत नाही.

आणि आकाश पाहा. चांगल्या सरीचा अंदाज असेल तर तीच तुमचं हलकं पाणी. नुसती बुरबुर झाली तर मात्र सगळ्यात वाईट, कारण ती दाणा विरघळवते पण खाली नेत नाही. मुसळधारेचा इशारा असेल तर गोणी बांधलेलीच बरी.

दोन गैरसमज इथेच उकरून काढतो. "आता सगळा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला येतो, उघडा टाकला तरी चालतो." देशात २०१५ पासून पूर्ण युरिया निंबलेपित येतो हे खरं. पण तो लेप काम करतो पुढच्या टप्प्यावर, अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतो. झिरपणं त्याने कमी होतं. हवेत उडणं थांबत नाही. दुसरा: "अमोनियम सल्फेट उडत नाही." आम्लधर्मी जमिनीत ते ठीक आहे. चुनखडीच्या जमिनीत त्यातला अमोनियाही चुन्याशी गाठ पडली की सुटतो. तेही झाकाच. आणि युरियात राख मिसळून टाकायची जुनी सवय असेल तर आजच सोडा. राख अल्कधर्मी असते, ती अमोनियाला दार उघडून देते.

पाचवी पायरी: हप्ते, आणि थांबायचं कधी

कांद्यात निम्मं नत्र लागवडीला आणि उरलेलं दोन हप्त्यांत, ३० आणि ४५ दिवसांनी. वरच्या हिशेबात एकराला लागवडीला दीड गोणी १०:२६:२६ आणि २७ किलो युरिया, मग प्रत्येक हप्त्याला २२ किलो. घमेल्याने नका मोजू, वजनकाटा घ्या. बावीस किलो एकरभर फेकताना हाताला फार कमी वाटतं. म्हणून निम्मा उभा आणि निम्मा आडवा फेका, सारखा पडतो.

साठ दिवसांनंतर नत्र बंद. शेजारच्याचं वावर जास्त हिरवं दिसलं तरी बंद. उशिराच्या नत्राने पात माजते, मान जाड राहते, ती नीट वाळत नाही, आणि मानेतून सड चाळीत शिरते. उन्हाळ कांदा भाव पाहून विकायचा म्हणून आपण तो साठवतो, तेव्हा हे नुकसान मार्चमध्ये दिसत नाही, लासलगावला ट्रॅक्टर नेताना निवडणीत दिसतं.

खरीप, भात आणि घाटमाथा

नाशिक जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला दोन-तीन हजार मिलिमीटरच्या घरात, सिन्नर-येवल्याला पाच-सहाशे. त्यामुळे एकाच सल्ल्यावर विसंबू नका. पूर्वेकडे शत्रू हवा आहे, पश्चिमेकडे पाणी.

खरीप कांदा आणि टोमॅटो सपाट वाफ्यात लावू नका. रुंद गादीवाफा करा आणि पाणी निघायला चर ठेवा. मुळं श्वास घेतात, नत्रही वायू होऊन जात नाही. हप्ते लहान करा: दोनाऐवजी तीन, पण एकूण तेवढंच.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भात असेल तर ब्रिकेटचा विचार कराच. चारसूत्री भातलागवडीतलं हे चौथं सूत्र. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, लागवडीच्याच दिवशी, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात हाताने खोचायची. एक गोळी चार चुडांना पुरते. चिखलात खोल गेलेलं नत्र ना उडतं ना लोंढ्याने वाहतं, आणि मुळं स्वतः तिथवर येतात. कंबर मोडते हे खरं. पण दुसऱ्यांदा खत फेकायला पावसात जावं लागत नाही. गोळी पाण्यावर टाकून मोकळं होणाऱ्या मजुरावर मात्र लक्ष ठेवा.

ठिबक आणि द्राक्षबाग

ठिबकमधून खत म्हणजे नत्र वाचलंच, असं समजणारे मला सगळ्यात जास्त दिंडोरी-निफाडच्या बागांत भेटले. उडणं थांबतं, हे खरं. पण खत सोडल्यावर तीन-तीन तास पाणी चालू ठेवलं तर ते सगळं मुळांखाली. आधी साधं पाणी, मधे खत, शेवटी नळ्या धुण्यापुरतं दहा-पंधरा मिनिटं पाणी, आणि बंद. दुसऱ्या दिवशी ड्रिपरखाली फावड्याने खड्डा घेऊन ओल कुठवर उतरली ते पाहा. हे एकदा केलं की संच किती वेळ चालवायचा ते कुणाला विचारावं लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेटच्या किंवा स्फुरदाच्या खताबरोबर एका टाकीत कालवू नका, साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात.

बागेत नत्राची वेळ छाटणीवरून ठरते. खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर पहिल्या महिन्यात वाढीसाठी नत्र द्यावं, पण डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होण्याच्या काळात हात आखडावा. तेव्हा नत्र जास्त झालं की काडी धावते, आत अंधार होतो आणि पुढच्या हंगामाचे घड कमी. गोडी (ऑक्टोबरच्या) छाटणीनंतरही तेच: कोवळा जोमदार शेंडा केवडा रोगाला आमंत्रण. नेमकी मात्रा देठ परीक्षणावरून (पानाच्या देठाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवरून) ठरवा, शेजाऱ्याच्या वेळापत्रकावरून नको. त्याची माती वेगळी, खुंट वेगळा.

शेणखतातलंही नत्र उडतं

एप्रिल-मे महिन्यात गावोगाव दिसणारं चित्र: नांगरलेल्या रानात शेणखताच्या छोट्या ढिगांच्या ओळी, महिनाभर उन्हात. एका टनात साधारण ५ किलो नत्र असतं. त्यातला अमोनियाचा भाग वाळता वाळताच उडतो, मग मातीत जाते ती बरीचशी काडी. ट्रॉली आणली त्या दिवशी पसरा आणि त्याच दिवशी वखर फिरवा. ते जमत नसेल तर खत उकिरड्यातच राहू द्या, वर मातीचा थर आणि अधूनमधून पाणी. कोंबडीखताला तर नाकच सांगतं. डोळे चुरचुरले म्हणजे पैसे उडत आहेत.

एक वाफा कोरा ठेवा

दरवर्षी वावराच्या मधोमध एका वाफ्याला युरिया देऊ नका आणि खुंटी मारून ठेवा. शेजारच्या वाफ्याला शेवटचा हप्ता गाळा. दोन्हींचा, आणि पूर्ण खत दिलेल्या एका वाफ्याचा, कांदा वेगळा काढून तोला, आणि एकेक क्रेट चाळीत वेगळं ठेवा. कोऱ्या वाफ्याने अंदाजापेक्षा बरं उत्पन्न दिलं, तर मातीत आणि विहिरीत आधीच नत्र आहे. शेवटचा हप्ता गाळलेल्याचं वजन पूर्ण खतवाल्याएवढंच भरलं, तर पुढच्या वर्षी तो हप्ता विकतच घेऊ नका. घरचे म्हणतील वाफा वाया घालवला. आमच्याकडे अजून म्हणतात.

उरलेली अर्धी गोणी

युरिया हवेतली ओल ओढतो, तेव्हा तोंड घट्ट बांधून फळीवर ठेवा, भिंतीला टेकवून नको. आणि गोठ्यापासून लांब. ज्या बादलीत युरिया विरघळवला तिच्यात नंतर गाईला पाणी पाजल्याने जनावर दगावल्याचे प्रकार घडतात. मीठ समजून गोणी चाटणारी वासरंही असतात. फवारणीची आणि युरियाची बादली गोठ्यातल्या बादलीपासून वेगळी करा, तिला लाल रंगाचा पट्टा मारा, आणि गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पट्टा दाखवून ठेवा.